किशोरवयातील पारपटल : आरोग्यखर्चाची योग्य वेळ

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने डोळ्याच्या एका पातळ पडद्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. परंतु सार्वजनिक खर्चाचा विचार करताना ‘किती खर्च करावा’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा करावा’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत नव्हे, तर निसर्गाच्या वेळापत्रकात सापडते. किशोरवयात डोळ्याच्या पारपटलात होणारे भौतिक बदल हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ या वयोगटातील लोकसंख्या सुमारे २५.३ कोटी होती. म्हणजे दर पाच भारतीयांत एक व्यक्ती या वयोगटातील होती. लोकसंख्येच्या लाभांशाची चर्चा आपण नेहमी करतो. हा लाभांश प्रत्यक्षात मिळायचा तर या पिढीचे शिक्षण आणि कौशल्य यांबरोबरच तिची दृष्टीही शाबूत राहिली पाहिजे.

पारपटल : रचना व कार्य

दहावीच्या विज्ञानात आपण डोळ्याची आकृती काढली असेल. रंगीत बुबुळाच्या पुढे, घड्याळाच्या काचेसारखा बसवलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. डॉक्टर त्यालाच कॉर्निया म्हणतात. त्याची आडवी रुंदी सुमारे ११.५ ते १२ मिलिमीटर असते आणि मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाची असते. डोळ्यातील भिंगाला आपण अधिक महत्त्व देतो. वास्तविक दोनतृतीयांश काम हा पडदाच करतो.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून मिळतो. त्याच्या जाडीचा सुमारे नऊदशांश भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी बनलेला असतो. हे तंतू एकमेकांना समांतर राहून थर तयार करतात आणि असे सुमारे दोनशेहून अधिक थर एकावर एक रचलेले असतात. तंतूंची जाडी व त्यांच्यातील अंतर कमालीचे नियमित असल्यामुळेच हा पडदा पारदर्शक राहतो, असे स्पष्टीकरण डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडले.

हा पडदा सतत ताणाखाली असतो. डोळ्याच्या आतील द्रवाचा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो आणि तो पारपटलाला आतून बाहेर ढकलत असतो. तंतूंची ताकद हा दाब पेलते, म्हणून पारपटलाचा गोलाकार टिकतो. दाब आणि ताकद यांचा हा समतोल पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

किशोरवयात नेमके काय बदलते?

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. उंची वाढते तसे पारपटलही वाढते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. नवजात बालकाच्या पारपटलाची रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ती प्रौढांइतकी होते. जन्मतः ते अधिक वक्र असते. ही वक्रताही पहिल्या काही वर्षांत कमी होऊन स्थिरावते. मूल शाळेत जाऊ लागते तोवर पारपटलाचा आकार बहुतांशी प्रौढासारखा झालेला असतो.

मग आठवी-नववीत अनेक मुलांच्या चष्म्याचा नंबर का वाढतो? त्याचे मुख्य कारण पारपटल नसून नेत्रगोलाची लांबी हे आहे. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर असलेला नेत्रगोल प्रौढपणी सुमारे २४ मिलिमीटर होतो. ही वाढ प्रमाणाबाहेर गेली, की प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि निकटदृष्टिता येते. हा उणे नंबर आणि पारपटलाच्या वेड्यावाकड्या वक्रतेमुळे येणारा सिलिंडरचा नंबर यांतील भेद पक्का लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पारपटलात या वयात आणि पुढेही जो बदल होत राहतो, तो त्याच्या मापात नसून त्याच्या ताठरतेत असतो. कोलॅजेनच्या तंतूंमध्ये एकमेकांना जोडणारे रासायनिक आडबंध वयाबरोबर वाढत जातात. काही आडबंध विकरांच्या साहाय्याने तयार होतात, तर काही शरीरातील शर्करेच्या संथ अभिक्रियेतून. बाजेच्या उभ्या दोऱ्यांना आडवे दोर जितके अधिक गुंफावेत तितकी बाज कमी झोळते, तसेच हे आहे. मानवी पारपटलांवर केलेल्या २०११ च्या एका अभ्यासात वीस ते शंभर वर्षे या वयाच्या टप्प्यात ही ताठरता जवळपास दुप्पट होते, असे आढळले. याचाच अर्थ असा, की किशोरवयातील पारपटल पूर्ण वाढलेले असले तरी पुरते घट्ट झालेले नसते.

दौर्बल्य उघडे पडते तेव्हा

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत या मऊपणाने काहीही बिघडत नाही. परंतु काहींच्या पारपटलात तंतूंची वीण एखाद्या ठिकाणी कमकुवत असते. तेथे आतील दाब वरचढ ठरतो आणि पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागते. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो, तिशी-पस्तिशीपर्यंत वाढतो आणि पुढे अनेकदा आपोआप थांबतो. थांबण्याचे एक कारण उघड आहे : तोपर्यंत निसर्गानेच आडबंध घातलेले असतात. मात्र लहान वयात सुरू झालेला विकार अधिक वेगाने वाढतो.

प्रा. रॅग्नर नर्क्स यांनी १९५३ मध्ये मांडलेले दारिद्र्याचे दुष्टचक्र आपण अभ्यासले आहे. येथेही तसेच चक्र फिरते. पारपटल पातळ झाले, की तेवढाच दाब कमी जाडीवर पडतो, ताण वाढतो, ताण वाढल्याने ते अधिक ताणले जाते आणि आणखी पातळ होते. बाहेरून काही केल्याशिवाय, किंवा वय वाढून ताठरता आल्याशिवाय, हे चक्र तुटत नाही.

आनुवंशिकता हे या विकाराचे एक कारण आहे. रोजच्या व्यवहारातील दुसरा, टाळता येण्याजोगा घटक म्हणजे डोळे चोळणे. धूळ, परागकण यांच्या ॲलर्जीने डोळ्यांना खाज सुटते, मुले मुठीने डोळे चोळतात आणि आधीच मऊ असलेल्या पारपटलावर वारंवार आघात होतो. म्हणून डोळ्यांच्या ॲलर्जीवर वेळेवर उपचार करणे हा प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

आकडे कसे वाचावेत?

या विकाराचे प्रमाण किती, हा प्रश्न आपणास स्वाभाविकपणे पडेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते लाखामागे ५४.५ आढळले. नेदरलँड्समधील विमा नोंदींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात ते लाखामागे २६५ निघाले. नागपूरजवळील ग्रामीण भागात ३० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ४,६६७ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे हे प्रमाण २.३ टक्के, म्हणजे लाखामागे २,३०० आढळले.

यावरून भारतात हा विकार अमेरिकेच्या चाळीसपट आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मिनेसोटातील गणना उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून झाली होती. नागपूरची पाहणी लोकांपर्यंत जाऊन झाली आणि तिथे पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक हा एकच निकष लावला होता. त्यात काही निरोगी पण अधिक वक्र पारपटलेही मोजली जाऊ शकतात. व्याख्या आणि नमुना बदलला, की आकडा बदलतो, हे तत्त्व दारिद्र्यरेषेला जसे लागू आहे तसेच येथेही आहे. तरीही या विकाराला दुर्मीळ म्हणून बाजूला सारता येणार नाही, एवढे निश्चित.

या विकाराला आकडेवारीत जागा मिळत नाही, याचेही कारण समजून घ्यावे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशीच्या पुढे मोतीबिंदू हे त्याचे प्रमुख कारण होते. पन्नाशीच्या आतील अंधत्वात मात्र पारपटलाची अपारदर्शकता ३७.५ टक्के वाट्यासह पहिल्या स्थानी होती. हा वाटा मुख्यतः जखमा व जंतुसंसर्ग यांनी पडणाऱ्या डागांचा आहे. केराटोकोनस झालेला विद्यार्थी बहुधा ‘अंध’ या व्याख्येत बसतच नाही. त्याला फळा धूसर दिसतो, अक्षरे दुहेरी दिसतात, रात्री दिव्यांभोवती रेषा दिसतात. पण सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नसतो. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही, हा प्रशासनातील नेहमीचा अनुभव आहे.

उपचाराची मुदत

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत या विकाराची वाढ थांबवणारा उपाय नव्हता. आधी चष्मा, मग कठीण कॉन्टॅक्ट लेन्स आणि शेवटी पारपटलाचे रोपण, असा क्रम होता. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी वेगळा विचार केला. वयोमानाने जे आडबंध तयार होतात तेच बाहेरून आधी घालता आले तर? त्यांनी पारपटलावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण सोडले. मूळ पद्धतीत हे किरण ३० मिनिटे दिले जातात. त्यातून तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पारपटल ताठर होते. रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ही क्रॉस-लिंकिंग पद्धत भारतासह अनेक देशांत रूढ आहे.

ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षे वयाच्या ६० मुलांवर झालेल्या केरालिंक या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातील ४३ टक्के मुलांचा विकार वाढला होता. क्रॉस-लिंकिंग केलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते.

मात्र या उपचाराला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे तो विकाराची वाढ थांबवतो; गेलेली दृष्टी पूर्णपणे परत आणत नाही. दुसरी मर्यादा जाडीची. मूळ पद्धतीत पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. अन्यथा किरण आतील पेशींच्या थरापर्यंत पोहोचून त्याला इजा करू शकतात, आणि मानवात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पातळ पारपटलासाठी सुधारित पद्धती आहेत, परंतु त्यांना अधिक कौशल्य लागते. म्हणजे ५०० मायक्रॉनवर निदान झालेला विद्यार्थी सोप्या उपचाराला पात्र ठरतो आणि दोन-तीन वर्षांनी आलेला तोच विद्यार्थी कदाचित ठरत नाही. विलंबाची किंमत येथे मायक्रॉनमध्ये मोजावी लागते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाचा सिद्धांत मांडला. त्याच्या कसोटीवर हा प्रश्न तपासू. समजा, दृष्टिदोषामुळे एखाद्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न ३० हजार रुपयांनी कमी राहिले आणि हे नुकसान वयाच्या २१ ते ६० या चाळीस वर्षांत सोसावे लागले. एकूण नुकसान १२ लाख रुपये होते. पाच टक्के दराने सूट धरली, तरी पंधराव्या वर्षी त्याचे वर्तमानमूल्य सुमारे ४ लाख रुपये भरते. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. तथापि त्यांतून दिसणारी दिशा खरी आहे. वृद्धापकाळातील दृष्टिदोषाचे दुःख कमी नसते, पण किशोरवयातील दोषाचा भार कमावत्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षावर पडतो.

त्यात रोपणाचा खर्च मिळवावा. मानवी पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये केले. आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला आणि दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. तरीही दान मिळालेले पारपटल ही दुर्मीळ संपत्ती आहे. वेळेवरच्या उपचाराने जे रोपण टाळता आले असते त्यासाठी एक पारपटल खर्ची पडले, तर डोळ्याला जखम झालेल्या दुसऱ्या रुग्णाची प्रतीक्षा वाढते. संधीखर्चाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

सर्वांची यंत्रतपासणी का नको?

मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या पारपटलाचा यंत्राने नकाशा काढावा काय? उद्देश चांगला असला तरी उपाय चुकीचा ठरेल. विल्सन व युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीचे दहा निकष मांडले. विकार महत्त्वाचा असावा, त्याची प्रारंभिक अवस्था ओळखता यावी, उपचार उपलब्ध असावा आणि तपासणीचा खर्च एकंदर आरोग्यखर्चाच्या प्रमाणात असावा, हे त्यांतील काही होत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०,००० विद्यार्थ्यांत १ टक्का, म्हणजे १०० जणांना विकार आहे. तपासणी ९० टक्के रुग्णांना अचूक ओळखते आणि ९० टक्के निरोगींना अचूक वगळते. ती ९० रुग्ण शोधेल, परंतु ९९० निरोगी मुलांनाही संशयित ठरवेल. संशयित ठरलेल्या बारांपैकी एकच खरा रुग्ण असेल. आता साध्या लक्षणांच्या आधारे आधी ५०० मुले निवडली आणि त्यांत ८० रुग्ण आले, असे समजा. तीच तपासणी ७२ रुग्ण शोधेल आणि केवळ ४२ निरोगींना संशयित ठरवेल. पहिल्या वर्षी काही रुग्ण निसटतील, हे खरे. ते पुढील वर्षीच्या फेरीत सापडू शकतात. यंत्र तेच राहिले, तरी त्याच्यापुढे कोणाला बसवायचे हे ठरवल्याने त्याची उपयुक्तता बदलली.

शाळेतील तपासणी : एक रकाना हवा

ही पहिली चाळणी उभी करण्यासाठी नवी योजना लागणार नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे हा त्याचा भाग आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथके, शाळा आणि संदर्भ रुग्णालये यांची साखळी अस्तित्वात आहे.

उणीव आहे ती दृष्टिकोनात. तक्त्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून चष्मा दिला, की काम संपले असे मानले जाते. पण केराटोकोनसची खूण एका वर्षाच्या नंबरात दिसत नाही. ती दोन वर्षांच्या नंबरांतील फरकात दिसते. म्हणून विद्यार्थ्याच्या आरोग्यपत्रिकेत दरवर्षी दोन्ही डोळ्यांचा नंबर, सिलिंडरच्या नंबरासह आणि त्याच्या कोनासह, नोंदवला जावा. ज्याचा सिलिंडरचा नंबर वर्षभरात लक्षणीय वाढला, योग्य चष्मा देऊनही ज्याची दृष्टी पूर्ण सुधारत नाही, जो सतत डोळे चोळतो, किंवा ज्याच्या कुटुंबात हा विकार आहे, त्याला पारपटलाच्या नकाशासाठी जिल्हा पातळीवर पाठवावे. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला रेटिनोस्कोप हे साधे उपकरण सफाईने हाताळता येत असेल, तर डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशाची कात्रीसारखी हालचाल पाहून तो तालुका पातळीवरही संशय नोंदवू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. साध्या चष्म्यावाचून अडलेली मुले कितीतरी अधिक असताना या विकाराकडे लक्ष का द्यावे? चष्म्यांचा अग्रक्रम निर्विवाद आहे आणि तो ढळू नये. येथे सुचवलेला उपाय त्याच तपासणीत, त्याच नोंदवहीत एक रकाना वाढवण्याचा आहे. शिवाय परिस्थितीही बदलते आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा कार्यक्रम १९७० पासून राबवला गेला. खुपरी या रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. पारपटलाचे जुने शत्रू मागे हटत असताना नव्यांची नोंद घेण्याची हीच वेळ आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांचे यश दृष्टिक्षमतेच्या निकषांवरही अवलंबून असते. पोलीस, रेल्वे, सैन्यदले यांत असे निकष आहेत. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार काही जण करत असतील. ही शस्त्रक्रिया पारपटलाचा काही भाग कमी करते. म्हणून पारपटलाचा नकाशा व जाडी तपासल्याशिवाय आणि काही काळ नंबर स्थिर असल्याची खात्री केल्याशिवाय ती करू नये. ज्या पारपटलात केराटोकोनस लपलेला आहे, त्यावर ती घातक ठरू शकते. डोळ्यांना खाज सुटत असेल तर ते चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

उद्या आपल्यापैकी कोणी गटविकास अधिकारी होईल, कोणी जिल्हाधिकारी. शालेय आरोग्य तपासणीचा अहवाल आपल्या टेबलावर येईल आणि त्यात किती मुले तपासली व किती चष्मे वाटले हे आकडे असतील. त्या वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : मागील वर्षीच्या तुलनेत कोणाचा नंबर बदलला? शरीर पुढे जे आडबंध स्वतःच घालणार असते, ते येईपर्यंतची काही वर्षे सांभाळणे, एवढेच काम शासनाकडे उरते. ते वेळेवर झाले तर त्याचा खर्च अल्प असतो आणि लाभ चाळीस वर्षे पुरतो.